नऊ कप्पे

वस्तू जागच्या जागी असावी, हा उपदेश आम्ही गेली तीस वर्षे विद्यार्थ्यांस करीत आलो आहो. तो करताना आमच्या स्वतःच्या टेबलाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, एवढी दक्षता मात्र आम्ही नेहमी घेतो. त्या टेबलावर तपासलेल्या व न तपासलेल्या उत्तरपत्रिका एकाच ढिगात गुण्यागोविंदाने नांदतात. चष्म्याचे घर सापडते तेव्हा चष्मा सापडत नाही. आणि एखादे पुस्तक शोधू लागावे, तर ते न मिळता गेल्या वर्षी शोधलेले दुसरेच हाती येते. असा मनुष्य दुसऱ्याच्या कागदांची व्यवस्था लावावयास बसला म्हणजे काय होते, ते आज सांगावयाचे आहे.

आमचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते शाळामास्तर होते, आणि संगमनेरच्या आमच्या जुन्या घरात त्यांची एक लोखंडी ट्रंक होती. पत्रे, रोजकीर्दी, शेताचे उतारे, शाळेचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, छायाचित्रे, असे सर्व काही तिच्यात सुतळीने बांधलेल्या लहान लहान गठ्ठ्यांत ठेवलेले होते. वाळवीच्या आधी आपण पोहोचावे, अशा विचाराने आमचे चिरंजीव गेल्या दिवाळीच्या सुटीत स्कॅनर घेऊन पुण्याहून आले. एकेक गठ्ठा सोडावा, त्यातील पाने यंत्राखाली धरावी आणि गठ्ठा पुन्हा बांधून ठेवावा, असा क्रम त्यांनी आठ दिवस चालविला. तीन हजारांवर पाने झाली. ती सर्व एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये भरून त्यांनी आमच्या हाती दिली. "आता एवढी लावून घ्या, म्हणजे ट्रंक रद्दीत द्यायला हरकत नाही," असे सांगून ते पुण्यास परत गेले.

जाण्यापूर्वी त्यांनी आमच्या संगणकात फायली हलविण्याचे एक छोटेसे साधन बसवून दिले होते. त्याची रचना मोठी मनोहर आहे. डाव्या बाजूस एकेक कागद दिसतो, उजव्या बाजूस नऊ चौकटी दिसतात. प्रत्येक चौकटीस एक फोल्डर आगाऊ नेमून द्यावयाचे आणि तिला कळफलकावरील १ ते ९ यांपैकी एक आकडा जोडावयाचा. मग कागद पाहिला, आकडा दाबला, की तो आपल्या ठिकाणी जातो व पुढचा समोर येतो. दर वेळी फोल्डर उघडा, कागद उचला, तिकडे नेऊन टाका, ही यातायात उरत नाही. "बाबा, ठिकाणे तेवढी आधी ठरवा, मग नुसती कळ दाबायची," असे चिरंजीव म्हणाले.

परंतु ठिकाणे आधी ठरवावयाची म्हणजे काय? कागद वाचण्यापूर्वीच ते कशाविषयी आहेत हे ठरवावयाचे! आधी पंगतीची पाने मांडावयाची आणि मग जेवावयास कोण कोण आले आहे ते पाहावयाचे, अशातलाच हा प्रकार. तथापि प्राध्यापकास वर्गीकरणाची भीती नसते. आम्ही दहा मिनिटांत नऊ नावे लिहून काढली : पत्रे, हिशोब, शेत, छायाचित्रे, शाळा, दवाखाना, लग्नकार्ये, किरकोळ आणि टाकाऊ. एवढ्या नऊ कप्प्यांत एका माणसाचे आयुष्य मावावयास हरकत नाही, असे आम्हांस त्या संध्याकाळी खरोखर वाटले.

या साधनाच्या पोटात काय चालते, तेही आम्ही चिरंजीवांकडून समजून घेतले. कागद एकाच डिस्कवरील एका फोल्डरातून दुसऱ्यात गेला, तर वस्तुतः काहीच हलत नाही. कागद होता तेथेच असतो; फक्त नोंदवहीत त्याचा पत्ता बदलतो. तलाठ्याच्या दप्तरी फेरफार पडतो, सातबाऱ्यावरील नाव बदलते, पण जमीन आपल्या जागची तसूभरही सरकत नाही, तसेच हे. मात्र कागद पेनड्राइव्हवरून संगणकात न्यावयाचा असेल, तर आधी त्याची नक्कल होते आणि ती पुरी झाल्यावर मूळ पुसले जाते. शिवाय प्रत्येक चौकटीस फोल्डरचा पुरा पत्ता नेमलेला असतो. आपण मागाहून त्या फोल्डरचे नाव बदलले, तर त्या बिचाऱ्या चौकटीस ते कळत नाही. ती जुन्याच दारावर जाऊन थाप मारीत राहते.

या बाबतीत आमचे टपालखाते अधिक शहाणे म्हटले पाहिजे. पत्रे निवडणाऱ्या माणसासमोरही असेच कप्पे असतात, आणि त्यांची ठिकाणेही आगाऊ ठरलेली असतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो रचणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते आणि संस्कृत कवी होते, हे आमच्यासारख्या भाषेच्या माणसास मोठे अभिमानास्पद वाटते. त्यांनीही देशाचे भाग नऊच केले : आठ भूप्रदेशाचे आणि नववा सैन्याचा. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रे निवडण्याचा जिल्हा सांगतात, आणि शेवटचे तीन टपालकचेरी दाखवितात. आता गंमत अशी की, संगमनेरचा आकडा ४२२६०५. यातील ४२२ हे नाशिकचे. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणचा आकडा ४१४ ने सुरू होतो. म्हणजे आमचा कलेक्टर एका कप्प्यात आणि आमचे टपाल दुसऱ्या कप्प्यात! २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी आमची पत्रे चुकली नाहीत. कारण त्यांचा कप्पा नावावर मुळी अवलंबूनच नव्हता. पत्र कोणत्या सरकारी जिल्ह्यातले आहे, हे टपालास नकोच असते. ते कोणत्या वाटेने लवकर पोहोचेल, एवढेच त्यास हवे असते. कप्पे करणारा आपल्या गरजेप्रमाणे कप्पे करतो, हे त्यातील मर्म.

हेच मर्म पुण्याच्या पेशवे दप्तरातही दिसते. रुमालांत बांधलेले ते लक्षावधी कागद इंग्रजी अमलात चाळले गेले, ते मुख्यतः कोणाचे इनाम खरे व कोणाचे खोटे हे ठरविण्यासाठी. पुढे रियासतकार सरदेसाई त्याच दप्तरात शिरले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. त्यांना हवा होता इतिहास, आणि रुमाल तर बांधलेले होते राज्यकारभाराच्या व वसुलाच्या सोयीने. एकाच्या गरजेचे कप्पे दुसऱ्याच्या गरजेस पुरत नाहीत. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. वर्गात आम्ही ते सांगितलेही आहे. परंतु वर्गात सांगितलेले घरी उपयोगी पडते, असा आमचा अनुभव नाही.

पहिले दोन दिवस मोठ्या मौजेत गेले. एक, दोन, दोन, सहा, आठ, अशी बोटे चालत होती. 'किरकोळ' सर्वांत लवकर फुगू लागले, तिकडे आम्ही दुर्लक्ष केले. आईच्या एका पत्राच्या पाठीवर अण्णांनी किराण्याची यादी लिहिली होती. ते पत्र मानावे की हिशोब, यावर आमचा थोडा वेळ गेला. प्रवरा आणि म्हाळुंगी यांचे पाणी एकत्र झाल्यावर त्यातील ओंजळ कोणत्या नदीची, हे सांगा म्हणण्यासारखेच ते होते. शेवटी यादी पत्रापेक्षा लांब म्हणून आम्ही दोनची कळ दाबली.

तिसऱ्या दिवशी त्या साधनाने आम्हांस छळावयास आरंभ केला. चिरंजीवांनी प्रत्येक गठ्ठा निराळ्या फोल्डरात घेतला होता, आणि प्रत्येकातील पाने १ पासून मोजली होती. त्यामुळे एका गठ्ठ्यातील सातवे पान 'हिशोबा'त असताना दुसऱ्या गठ्ठ्यातील सातवे तेथे आले, की यंत्र विचारी : या नावाची फाईल येथे आहेच, काय करू? नवे नाव देऊ, सोडून देऊ, की जुनीच्या जागी ही ठेवू? पन्नास वेळा हा प्रश्न आल्यावर आम्ही वैतागलो. 'जुनीच्या जागी ठेवा' आणि 'पुन्हा विचारू नका' अशा दोन खुणा करून आम्ही सुखाने पुढे निघालो. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली. दोन संध्याकाळी आम्ही कळा दाबीत होतो, आणि 'हिशोब' या कप्प्यातील पानांची संख्या काही केल्या वाढत नव्हती. हे लक्षात आले तेव्हा कित्येक शे पाने एकमेकांखाली नाहीशी झाली होती. अशी पुसलेली फाईल कचरापेटीतही जात नाही. पेनड्राइव्हवरून तर आम्ही ती 'हलविली' होती. आणि चिरंजीवांनी आपल्याकडील नक्कल जागा अडते म्हणून काढून टाकली होती.

ट्रंक अद्याप रद्दीत गेली नव्हती, हे नशीब. स्कॅनर पुन्हा मागविला. गठ्ठे सोडावयास मदत म्हणून आमची थोरली बहीण अक्का अकोल्याहून आली. ती आमच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिने पहिला गठ्ठा हातात घेतला आणि सुतळी सोडण्यापूर्वीच विचारले, "कोणत्या महिन्याचा आहे?" आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. ती म्हणाली, "अरे, प्रत्येक महिन्याचा एक गठ्ठा. त्या महिन्यात घरात जे जे आले, ते सगळे त्यात. अण्णांची हीच तर पद्धत!" जुन्या कागदांचा मूळ क्रम मोडू नये, हा दप्तरखान्याच्या शास्त्रातील प्राथमिक नियम आहे. आम्ही तो नऊ कळांनी मोडला होता. अण्णांचे वर्गीकरण आमच्यापुढे बांधून ठेवलेले असताना आम्हांस ते दिसले नाही, कारण आम्ही आमचे घेऊन बसलो होतो.

त्या दिवशी दुपारी १९८७ सालच्या जूनचा गठ्ठा निघाला. त्यात तीन कागद एकावर एक होते. पहिला आमचाच : बारावी होऊन पुण्यास प्रवेश मिळाल्याचे आणि वसतिगृहाचे पैसे आठ दिवसांत भरावे लागतील असे कळविणारे पत्र. दुसरा दवाखान्याचा, अण्णांच्या डोळ्याचे ऑपरेशन त्याच महिन्यात झाले होते. तिसरे रोजकीर्दीचे पान. त्यावर आमच्या पुण्याच्या खर्चाची रक्कम होती, आणि तिच्याखाली एक ओळ : अक्काच्या तिसऱ्या वर्षाची फी, यंदा नाही.

ही तीनही पाने आम्ही पूर्वी पडद्यावर पाहिली होती. एक, सहा, दोन. तीन कळा, तीन कप्पे. आणि तिघांनी मिळून जे सांगितले असते, ते त्यांना सांगावयास आम्ही वावच ठेवला नव्हता.

अक्काने गावातील महाविद्यालय दुसऱ्या वर्षानंतर सोडले, याचे आमच्या घरात एक ठरलेले कारण आहे : तिला अभ्यासाची गोडी नव्हती. हे आम्ही तेव्हापासून ऐकले आणि पुढे पाहुण्यांसमोर हसत हसत सांगितलेही आहे. तीही हसत असे. तोही एक कप्पाच. कोणी तरी एकदा नेमून ठेवलेला, आणि आम्ही अडतीस वर्षे नुसती कळ दाबीत आलेलो.

आम्ही ते पान तिच्यापुढे धरले. काय बोलावे ते सुचेना, म्हणून म्हणालो, "अण्णांनी हे कधी सांगितले नाही."

तिने चष्मा वर केला, पान दूर धरले, आणि म्हणाली, "हे अण्णांचे अक्षर नाही रे. त्यांच्या डोळ्याला पट्टी होती ना. त्या महिन्याचे हिशोब मीच लिहिले आहेत."

खरोखरच ते तिचे अक्षर होते. 'नाही'मधील काना किंचित डावीकडे कललेला, तिच्या राखीच्या पाकिटावर असतो तसा. निवडणारा डोळा आणि वाचणारा डोळा हे दोन निराळे असतात. पहिल्याने आम्ही तीन हजार पाने पाहिली, आणि दुसऱ्याने एकही नाही. तिने मात्र एका दृष्टिक्षेपात ओळखले.

"हे कोठे ठेवू?" आम्ही विचारले. सवयीनेच विचारले, परंतु प्रश्न तोंडातून गेल्यावर तो आम्हांसच निराळा ऐकू आला.

"हिशोबातच ठेव," ती म्हणाली. "हिशोबच आहे तो." आणि चहा टाकावयास उठून गेली.

आता आमच्या संगणकात महिन्यामहिन्याचे फोल्डर आहेत. अण्णांच्या गठ्ठ्यांइतकेच, त्याच क्रमाने. नऊ चौकटीही आहेत, पण त्यांना 'हलवा' ऐवजी 'नक्कल करा' अशी आज्ञा दिलेली आहे. त्यामुळे कागद आपल्या महिन्यात राहतो आणि शोधणाऱ्यास कप्प्यातही मिळतो. नावे एकसारखी आली, तर यंत्राने दर वेळी विचारावे, असे ठरवून दिले आहे. ते विचारते, आणि आम्ही वैतागत नाही. 'टाकाऊ' हा कप्पा काढून टाकला. त्याच्या जागी काय ठेवावे हे अजून ठरलेले नाही, आणि नववी चौकट तूर्त रिकामी आहे.

ट्रंक रद्दीत गेली नाही. जाण्याच्या आदल्या रात्री अक्काने जूनचे कागद नीट जुळवून ठोकले, गठ्ठा केला आणि त्यावर सुतळी बांधली. ती गाठ आम्ही त्या आठवड्यात शेकडो वेळा सोडली होती, आणि तोवर ती अण्णांची समजत होतो.