मोटर सामाईक, शाळाही सामाईक



कृषी खात्याच्या कामानिमित्त तीस वर्षे मी गावोगाव हिंडलो. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, ठिबक हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र शाळेविषयी लिहितो आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत जे ऐकले, ते मनातून जात नाही.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. ज्या खोलीत मी बाराखडी गिरवली, त्याच खोलीत. तेव्हा चार वर्गांत मिळून शंभरावर पोरे होती. आता पट तेवीस. एक तरुण पालक उठला आणि म्हणाला, "साहेब, सरकार एका पोरामागं या शाळेवर जेवढा पैका घालतंय, तेवढ्याचं कुपन आमच्या हातात द्या. आम्ही पोरगं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो. समितीनं तसा ठराव करून वर धाडावा." चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

मला मत विचारले तेव्हा मी क्षणभर गप्प बसलो. माझा स्वतःचा मुलगा तालुक्याच्या खाजगी शाळेतच शिकला. पट घसरण्यात माझाही वाटा आहे, हे मी आधी कबूल केले आणि मग बोललो.

आमच्या गावात नदीवर सामाईक उपसा योजना होती. काही सभासदांनी स्वतःच्या बोअर पाडल्या आणि योजनेतून अंग काढून घेतले. सभासद कमी झाले, पण मोटर तेवढीच, पंप चालवणाऱ्याचा पगार तोच, पाइप फुटला तर खर्चही तोच. उरलेल्यांची पाणीपट्टी वाढली, म्हणून आणखी काही निघाले. शेवटी मोटर गंजून पडली. पुढे दुष्काळात बोअरही आटल्या. पण सर्वांत आधी कोरडी पडली ती ज्याला बोअर परवडली नाही, त्याची जमीन.

शाळेचे असेच आहे. पाच मुले कुपन घेऊन गेली म्हणून छप्पर पाच मुलांपुरते कमी गळत नाही. पैसा जातो, खर्च राहतो. पट आणखी उतरला की शिक्षकाचे पद जाते आणि मागे राहतात शेतमजुराची, ऊसतोड कामगाराची मुले.

दुसरी गोष्ट भावाची. अनुदान जाहीर झाले की मालाचा भाव वर सरकतो, हे ठिबकच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिले आहे. कुपन आले की फी वाढणार नाही, याची हमी कोण देणार? गाडीभाडे, गणवेश, वह्या यांचा खर्च वेगळाच. घरात एकाचाच खर्च झेपत असेल, तर मुलगा गाडीत बसेल आणि मुलगी घरी राहील. हेही आपण पाहिलेले आहे.

हे प्रयोग इतरत्र झाले आहेत. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे खेड्यांतील मुलांना सोडत काढून खाजगी शाळेसाठी अशी मदत देऊन पाहिली. तेलुगू आणि गणितात ही मुले सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत; हिंदीत मात्र गेली, कारण खाजगी शाळांत हिंदी शिकवत होते. खाजगी शाळांचा खर्च पुष्कळ कमी होता हेही खरे. पण तो कमी का, तर तिथल्या शिक्षकाचा पगार फार थोडा. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०२३ साली असा कायदा अडला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचेच ग्रामीण भागातले प्रतिनिधी होते. त्यांच्या गावांना सरकारी शाळेवाचून दुसरी शाळा जवळपास नव्हती. पुढे २०२५ साली तो कायदा झालाच.

गैरसमज नको. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी ज्या पंचवीस टक्के जागा ठेवल्या आहेत, त्या त्यांना मिळाल्याच पाहिजेत. तिथे शाळेवर कायद्याचे बंधन आहे. माझा विरोध सरसकट कुपनाला आहे.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले होते, की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि तिच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होते. गावात सरकारी शाळा आली ती अशा भांडणांतून. ती आपणच मोडीत काढायची का?

माझे बोलणे संपल्यावर तो पालक म्हणाला, "ते समदं खरं साहेब, पण आमच्या पोरांना इंग्रजी शिकवणार कोण?" प्रश्न रास्त होता. एक शिक्षक कमी होता, उरलेल्यांना वरच्या कामांतून सवड नव्हती, आणि छप्पर दोन पावसाळे गळत होते. नुसता कुपनाला विरोध करून हे प्रश्न सुटत नाहीत.

म्हणून समितीने त्या दिवशी दोन ठराव केले. एक, सरकारी शाळेचा पैसा कुपनावाटे बाहेर जाऊ नये. दुसरा, रिकामे पद भरावे आणि छप्पर दुरुस्त करावे. दुसरा ठराव शाळा विकास आराखड्यातही घातला. हा आराखडा करण्याचा अधिकार २००९ च्या कायद्याने समितीलाच दिलेला आहे. समितीत किमान पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. सहीपुरते बोलावतात म्हणून सहीपुरते जाऊ नका. माता-भगिनींनो, तुम्ही तर जरूर बोला.

छप्पर दिवाळीआधी झाले. पद अजून रिकामे आहे. पाठपुरावा चालू आहे. शनिवारी मला सुट्टी असते, म्हणून सकाळच्या शाळेत मी इंग्रजी वाचन घेतो. तो तरुण पालक स्वतःच्या मुलाला घेऊन येतो आणि मागच्या बाकावर बसून ऐकतो. त्याने अजून मुलाचा दाखला काढलेला नाही.

पेरणी आटोपली की तुमच्या गावच्या समितीची सभा लावा. पट विचारा, रिकामी पदे विचारा आणि हे दोन्ही ठराव मांडा.