पेटीतलं कबुतर आणि रापण

मानसशास्त्राचं पहिल्या वर्षाचं कुठलंही पुस्तक घ्या, सुरुवात लाइपझिगपासून होते. 1879 साली विल्हेल्म वुंटने तिथे प्रयोगशाळा काढली आणि हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा निघाला. आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं, त्यामुळे अभ्यासक्रम तिकडेच ठरायचा आणि मालवणात एफवायच्या वर्गात बसून आम्ही वुंट, पावलॉव्ह, स्किनर घोकायचो. शेजारच्या काकींचं म्हणणं एवढंच, "मनाचा शिकतंस ना? मगे सांग बगू, माझ्या मनात काय आसा?" मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न चुकत नाही. काकींच्या मनात काय आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक असायचं, ही गोष्ट वेगळी.

मी रमलो स्किनरच्या धड्यात. पेटीतलं कबुतर चकतीवर चोच मारतं, दाणा मिळतो. दाणा नेमाने मिळत असेल तर तो बंद झाल्यावर कबुतरही लवकर नाद सोडतं. पण कधी मिळेल याचा भरवसाच नसेल, तर ते चोच मारतच राहतं. पुस्तकातलं उदाहरण जुगाराच्या यंत्राचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर रापण आली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते अर्धगोल टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत उभी राहून ओढू लागतात. टाच वाळूत रुतवायची, अंग मागे टाकायचं, दोर सरकला की एक पाऊल मागे. रांगेच्या शेवटी पोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याकडे जातो आणि पुढून धरतो. जाळं जवळ येईल तशा दोन्ही रांगाही एकमेकींकडे सरकतात. मग कधी पेडवे, बांगडे यांची रास पडते, कधी मूठभर मासळी आणि शेवाळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा होडी पाण्यात. स्किनरचं कोष्टक इथे अगदी फिट बसतं असं मला वाटलं, परीक्षेतही तेच लिहिलं आणि मार्क मिळाले.

पण कबुतर पेटीत एकटं असतं. रापणीवर एकटं कुणीच नसतं. मासळीचे वाटे पडतात. येता जाता दोराला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरती मिळते. जाळं रिकामं आलं तरी उद्या जायचंच, कारण बाकीचे जाणार आहेत, कर्ज सामाईक आहे, आणि घरी बसलं तर लोक विचारतील. दाण्याच्या हिशेबात हे कुठे मांडायचं?

पुस्तकातला 'माणूस' कोण, हे पुढे कळलं. 2010 साली हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी एक शोधनिबंध लिहिला. नामांकित नियतकालिकांतल्या मानसशास्त्रीय अभ्यासांचे 96 टक्के नमुने ज्या देशांतून येत होते, तिथे जगाची जेमतेम 12 टक्के वस्ती आहे, असं त्यात दाखवलं होतं. त्यातही अमेरिकेत बहुतेक वेळा प्रयोगाला बसवलेली मंडळी म्हणजे मानसशास्त्राचेच विद्यार्थी. म्हणजे एफवायच्या पोरांवर प्रयोग करून लिहिलेलं पुस्तक आम्ही एफवायची पोरं वाचत होतो. फक्त ती पोरं तिकडची.

स्किनरने 1948 साली कबुतरांच्या 'अंधश्रद्धे'वरही लिहिलं होतं. दाणा ठरावीक वेळाने आपोआप पडत होता, तरी एक कबुतर गिरक्या घेत राहिलं, जणू त्यामुळेच दाणा पडतोय. नारळी पौर्णिमेला बंदर जेटीवर सागराला नारळ देणाऱ्यांना ही गिरकी लावून मोकळं होणं सोपं आहे. मला मॅलिनोव्स्की जास्त पटतो. त्याने ट्रोब्रियंड बेटांवर पाहिलं की शांत खाजणात मासे धरणारे जादूटोण्याच्या वाटेला जात नाहीत. तेच लोक खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी करतात. जिथे जिवाला धोका, तिथे मंत्र. आमचं गाऱ्हाणंही तसंच. एक जण देवाला घालतो आणि सगळा गाव "व्हय महाराजा" म्हणतो. एकाची भीती चारचौघांत मोठ्याने बोलली जाते. हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

म्हणून गावाला फार डोक्यावर घ्यायचंही कारण नाही. याच गावात कुणी जरा वेगळं वागलं की "रत्नागिरीक धाडा रे ह्येका" म्हणून हसतात. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासूनचं. इतक्या वर्षांत त्या शहराचं नावच चेष्टेचं झालं. ज्याला खरंच झोप लागत नाही, नको ते आवाज ऐकू येतात, त्याने मग कुणाला सांगायचं? दोर धरायला पन्नास हात असतात, पण एकट्याने काही सांगायला आडोसा मिळत नाही. तो आडोसा पुस्तकाच्या शेवटच्या, उपचारांवरच्या धड्यांत होता, आणि तो मात्र थेट इथल्या कामाचा निघाला.

आमच्या ओळखीचा एक खलाशी वादळातून परतल्यापासून पाण्यात पाऊल टाकेना. देवाचा अवसर झाला, कौल झाला. शेवटी सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी बरोबर होतो. त्याला सोडायला भाऊ, मेव्हणा, वाडीतले दोघे असे सगळे आत शिरले आणि एकदम बोलू लागले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने दार उघडून त्यांनी भावाला आत बोलावलं. गोळ्या कधी द्यायच्या ते त्याला दोनदा समजावलं, आणि पुढच्या वेळी येताना एकानेच या, असं बजावलं. पुढच्या वेळी तिघे गेले.