काचेवर न सरकणारा ठिपका

उडताना आपल्या विमानाच्या काचेवर सरकणाऱ्या दुसऱ्या विमानाची मला फारशी भीती वाटत नाही. ते आपल्या पुढून किंवा मागून निघून जाणार असतं. एकाच जागी राहून नुसता मोठा होत जाणारा ठिपका मात्र आपल्यालाच येऊन भिडणार असतो. आणि माणसाची नजर नेमकी हालचाल टिपते, स्थिर वस्तू सोडून देते. म्हणून उड्डाण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मी सांगतो की एकटक बघू नकोस. आकाशाचा एकेक तुकडा घे, त्यावर क्षणभर थांब, मग पुढचा.

समोरचं विमान टाळायला किती वेळ मिळतो, हा हिशेब एकदा तरी कागदावर मांडावा. दोन छोटी विमानं शंभर-शंभर नॉटने समोरासमोर येत असतील, तर दर सेकंदाला त्यांच्यातलं अंतर सुमारे शंभर मीटरने घटतं. दिसणं, ओळखणं, ठरवणं, हात हलवणं आणि विमानाने वळणं, यासाठी अमेरिकी विमान वाहतूक खातं साडेबारा सेकंद धरतं. म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत दिसलेलं विमान उशिरा दिसलं. तेवढ्या अंतरावर अकरा मीटर पंखांचं सेसना पौर्णिमेच्या चंद्राएवढं रुंद दिसतं, पण जाडीला निव्वळ रेघ. एप्रिल-मे महिन्यात वऱ्हाडावर धुळीचा पडदा असतो, त्यात ही रेघ शोधायची.

अकोल्याची शिवणीची धावपट्टी 1943 सालची. तिथून अमरावतीचं बेलोरा विमानतळ सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. वाट चुकणं कठीण: मुंबई-नागपूर लोहमार्ग, त्याला धरून जाणारा महामार्ग, मध्ये मूर्तिजापूर, डावीकडे लांब गाविलगडचे डोंगर, शेवटी बडनेरा. पण जी वाट आपल्याला सोपी, तीच समोरून येणाऱ्यालाही सोपी. रुळांच्या नेमकं डोक्यावरून जाण्याचा मोह दोघांनाही होतो. म्हणून रूळ आपल्या डाव्या हाताला ठेवून उडावं. समोरच्यानेही तेच केलं तर दोघांत आपोआप अंतर राहतं.

नियंत्रण टॉवर नसलेल्या धावपट्टीवर रेडिओ हाच शेजारधर्म. ‘अकोला ट्रॅफिक’ म्हणून हाक द्यायची, आपण कुठे, किती उंचीवर, पुढे काय करणार ते सांगायचं आणि शेवटी पुन्हा ‘अकोला’ म्हणायचं, कारण त्याच फ्रीक्वेन्सीवर दुसऱ्या धावपट्टीचं बोलणंही ऐकू येऊ शकतं. उत्तर आलं नाही की पोरं निर्धास्त होतात. ‘सर, कोनीच नाई जी!’ शांतता म्हणजे रिकामं आकाश नव्हे. समोरच्याचा रेडिओ बंद असेल, चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर असेल, किंवा त्याच क्षणी तोही बोलत असेल.

सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घालायच्या फेरीत, शिस्त आणखी कडक हवी. जमिनीपासून हजार फूट, म्हणजे अकोल्यात आल्टिमीटरवर साधारण दोन हजार. त्या उंचीवर आधीच पोचून, डाउनविंडला, म्हणजे फेरीच्या धावपट्टीला समांतर भागात, बाजूने यावं. वरून सर्किटमध्ये उतरत येऊ नये. हवेतल्या टकरी बहुतेक स्वच्छ उजेडात, धावपट्टीजवळच होतात, आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, मागचं वेगवान विमान पुढच्यावर येणं हा त्यांचा नेहमीचा प्रकार. पंख वर असलेल्या सेसनातून वरचं दिसत नाही, पंख खाली असलेल्या पायपरमधून खालचं. खाली सेसना, वर पायपर, दोघंही एकाच धावपट्टीकडे नजर लावून उतरताहेत: यात दोघांपैकी कुणीच बेसावध नसतो, तरी कुणालाच कुणी दिसत नाही. सेसनात वळण्यापूर्वी त्या बाजूचा पंख उचलून बघायचा तो यासाठीच.

1996 मध्ये चरखी दादरीजवळ दोन विमानांच्या हवेतल्या टकरीत 349 माणसं गेली. ती दोन्ही विमानं मोठी होती आणि नियंत्रकाच्या देखरेखीखाली होती. त्यानंतर मोठ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. आमच्या छोट्या विमानांत बहुधा ती नसते.

हे आताच बोलायला हवं. बेलोऱ्याला टॉवर उभा राहिला, 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईचं एटीआर विमान सुरू झालं. एअर इंडियाने 2024 साली तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली. त्यासाठी 34 विमानं, त्यांतली 31 पायपर. वर्षानुवर्षं घारींचंच राज्य असलेल्या या पट्ट्यात शिकाऊ हात मोठ्या संख्येने येणार. ही पोरं एकट्याने अकोल्याकडे निघण्याआधी मूर्तिजापूर आणि बडनेरा ही हाक देण्याची ठिकाणं ठरवून नकाशावर छापावीत, आणि जाण्या-येण्याच्या उंचीत किमान पाचशे फुटांचा फरक ठेवावा.