शिसं की तांबं?
अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं जॅक्सन हे टेटन पर्वताच्या कुशीतलं टुमदार गाव. चौकात गळून पडलेल्या एल्क-शिंगांच्या कमानी आपलं स्वागत करतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. गावालगतच १९१२ पासून त्यांचं अभयारण्य आहे. तरी शरद ऋतूत या भागात परवान्यानं शिकार चालते. हौशी शिकारी रिकाम्या काडतुसात दारू भरून घरीच गोळी बसवतात. शिशाच्या गोळीचे कण रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात. ती खाऊन गरुडांना विषबाधा होते. म्हणून काहीजण तांब्याची गोळी घेतात. तांबं हलकं, तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसात जास्त जागा अडवते. साहजिकच दारूचं मापही पुस्तकात बघून नव्यानं ठरवावं लागतं. एवढा खटाटोप कशासाठी? डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या त्या गरुडासाठी!