प्रवेशानंतरचे वर्ष

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षास येणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ८० टक्के शिक्षण सोडून जात. १९७१ साली त्यांच्यातलेच दोघे अधिष्ठात्यांकडे गेले आणि संघटना उभी राहिली; मार्गदर्शक म्हणून कृष्णवर्णीय प्राध्यापक आर्थर बाँड लाभले. १९७५ साली तेथे भरलेल्या सभेस ३२ शिक्षणसंस्थांतून २७३ विद्यार्थी आले व संघटना राष्ट्रीय झाली. इतिहासाच्या तासाला आम्ही हे आवर्जून सांगतो. आपल्या वसतिगृहातून शहरात गेलेली मुलेही पहिल्याच सत्रात एकटी पडतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, तर विचारावे कुणाला? प्रवेशाचे पेढे मात्र आपण वाटून मोकळे होतो! पुण्यातील माजी विद्यार्थ्यांनी यंदाच्या मुलांची नावे कार्यालयातून घेऊन जावीत.