अरुंधती दिसते का?

अरुंधती एकदम दिसत नाही. आधी सप्तर्षींची शेपटी शोधायची, तिच्यातला मधला वसिष्ठ पकडायचा, मग त्याच्या कुशीतला तो बारीक ठिपका. मोठं दाखवून बारीककडे नेण्याच्या या रीतीला शास्त्रकारांनी 'अरुंधतीन्याय' म्हटलं. माझ्या आजीला न्यायबिय ठाऊक नव्हता. उन्हाळ्यात अंगणात अंथरुणं पडली की ती या ताऱ्यावर नातवंडांचे डोळे तपासायची. ज्याला दिसला नाही, त्याच्या पानात दुसऱ्या दिवशी शेवग्याचा पाला.

लग्नात अरुंधती पुन्हा भेटायला हवी होती. पण मुहूर्त दुपारचा. गुरुजींनी उत्तरेकडे बोट केलं आणि आम्ही दोघांनी मांडवाच्या झालरीला भक्तिभावाने नमस्कार केला.

तिची खरी ओळख झाली ती नोकरीत स्थिरावल्यावर, पुस्तकांतून. ती फिकी दिसते हा बराचसा अंतराचा खेळ. सुमारे ८२ प्रकाशवर्षांवरून ती चौथ्या प्रतीची दिसते. आपला सूर्य तिथे नेऊन ठेवला, तर नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही! सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमान, चौदापट तेज, पृष्ठभाग आठ हजार अंशांच्या आसपास, म्हणून रंग पांढरा. आणि हे सगळं नुसत्या प्रकाशावरून कळतं, याचं मला अजून नवल वाटतं. तो प्रकाश पसरून वर्णपट केला की त्यात हायड्रोजनच्या ठळक काळ्या रेषा उमटतात. अरुंधतीच्या रेषा मात्र रेखीव नाहीत, फिसकटलेल्या आहेत. कारण ती गरगर फिरते आहे: एक कड आपल्याकडे धावते, दुसरी दूर पळते, आणि दोन्हींच्या सरकलेल्या रेषा एकमेकींत मिसळतात. त्या पसरटपणावरून वेग काढला तो सेकंदाला दोनशे किलोमीटरांहून जास्त. सूर्याचा जेमतेम दोन. पतीशेजारी अढळ उभी राहणारी म्हणून नववधूला जिचा दाखला द्यायचा, तिची ही भिंगरी!

शिवाय ते दोघंच नाहीत. दुर्बिणीतून वसिष्ठाचे दोन तारे दिसतात. वर्णपटाने त्या दोघांचेही दोन-दोन केले. २००९मध्ये पालोमारच्या वेधशाळेत अरुंधतीचा झगमगाट झाकून पाहिलं, तर तिच्या अगदी जवळ एक लालसर, खुजा तारा निघाला, सूर्याच्या साधारण चतुर्थांश वस्तुमानाचा. एकूण सहा जण. आदर्श जोडपं म्हणून दाखवतात, पण आहे ते भरलेलं एकत्र कुटुंब.

जुनी समजूत अशी, की ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचे दिवस भरत आले. मला गेल्या उन्हाळ्यापासून वसिष्ठाभोवती नुसतं पिंजारलेलं तेज दिसतं. डॉक्टर म्हणाल्या, मोतीबिंदू. घाई नाही, सवडीने करू. मी म्हटलं, सवड नको, दोन्ही डोळे फेब्रुवारीच्या आत उरकून टाका. त्यांनी कारण विचारलं. मार्चपासून सप्तर्षी संध्याकाळी वर येतात, एवढंच सांगितलं.