सोदेमुनचा तुरुंग आणि पडद्यावरचा राक्षस

माझी भाची दक्षिण कोरियात, सेऊलच्या एका विद्यापीठात शिकते. गेल्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे दहा दिवस राहून आले. रस्त्याकडेच्या गिंको झाडांची पिवळीधमक पाने पदपथावर पडलेली, हवेत बोचरा गारठा आणि सहा वाजायच्या आत अंधार. जेवणे लवकर उरकत. एका रात्री ती म्हणाली, "मावशी, तुला एक मालिका दाखवते. पण घाबरायचं नाही हं!"

मी हसले. भुताखेतांवर विश्वास न ठेवणाऱ्या घरात वाढलेली मी, मला कसली भीती? पण बघता बघता दोन वाजले आणि झोप उडाली ती उडालीच.

मालिकेचे नाव 'ग्योंगसोंग क्रीचर'. २०२३ च्या डिसेंबरात ती नेटफ्लिक्सवर आली. ग्योंगसोंग म्हणजे जपानी अमदानीतले सेऊल. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे जपानने कोरियावर राज्य केले, त्यातल्या शेवटच्या वर्षाची ही कथा. शहरातली माणसे बेपत्ता होत आहेत. गहाणवटीच्या दुकानाचा मालक आणि हरवलेल्यांचा माग काढणारी एक तरुणी शोध घेत एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात पोचतात. तिथे जपानी लष्कराचे डॉक्टर कैद्यांवर प्रयोग करीत असतात. त्यातून एक अक्राळविक्राळ प्राणी तयार झालेला असतो. आणि तो प्राणी कोण? त्या तरुणीची दहा वर्षांपूर्वी नाहीशी झालेली आई!

"यातलं खरं किती, मावशी?" भाचीने विचारले.

खरे किती ते सांगते. ते इस्पितळ काल्पनिक, तो प्राणीही काल्पनिक. डॉक्टर मात्र काल्पनिक नव्हते. तेव्हाच्या मांचुरियात, म्हणजे आजच्या ईशान्य चीनमध्ये, हार्बिन शहराजवळ पिंगफांग येथे जपानी लष्कराचे '७३१ वे पथक' होते. प्रमुख इशिई शिरो, स्वतः डॉक्टर. तिथे जिवंत माणसांना प्लेग, कॉलरा यांचे जंतू टोचले गेले. हिमदंशाचा अभ्यास म्हणून त्यांचे हातपाय गोठवले गेले. भूल न देता शरीरे चिरली गेली. कैद्यांना ते 'मारुता' म्हणत. मारुता म्हणजे लाकडाचे ओंडके. या केंद्रात निदान ३,००० माणसे मारली गेली असे मानतात. बहुतेक चिनी, काही रशियन, काही कोरियन.

ऑगस्ट १९४५ मध्ये पराभव समोर दिसताच पथकाने इमारती सुरुंगाने उडवल्या. पुढे अमेरिकेने प्रयोगांची माहिती आपल्याकडे घेतली आणि तिच्या बदल्यात इशिई व त्याच्या सहकाऱ्यांना खटल्यापासून वाचवले. सोव्हिएत रशियाने १९४९ च्या डिसेंबरात खाबारोव्स्क येथे १२ जपान्यांवर खटला चालवला, पण इशिई त्यांत नव्हता. तो १९५९ साली आजाराने मेला. तुरुंगाची पायरीही न चढता.

दुसऱ्या दिवशी भाची मला सोदेमुनला घेऊन गेली. भुयारी रेल्वेच्या तीन नंबरच्या मार्गावर दोंगनिमुन स्थानकात उतरले की पाच मिनिटांत लाल विटांची उंच भिंत दिसते. हा तुरुंग १९०८ साली उघडला, १९८७ पर्यंत चालू होता आणि १९९८ पासून संग्रहालय आहे. (सोमवारी बंद असतो, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.)

आत एका दालनाच्या चारी भिंती कैद्यांच्या नोंदपत्रांनी भरलेल्या आहेत. जवळजवळ ५,००० पत्रे. प्रत्येकावर छायाचित्र. शेतकरी, विद्यार्थी, म्हातारे, परकऱ्या वयाच्या मुली. सगळे आपल्याकडेच बघताहेत असे वाटते. रात्री मालिका बघताना मी दोनदा डोळे मिटले होते. इथे मिटवेनात.

बायकांच्या तुरुंगात यू ग्वान-सून हिची आठवण जपली आहे. १९१९ च्या १ मार्चला कोरियाने स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हा ही शाळकरी मुलगी गावी जाऊन लोकांना जमवू लागली. बाजारातल्या निदर्शनांत तिचे आईवडील डोळ्यांदेखत मारले गेले. २८ सप्टेंबर १९२० रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती याच तुरुंगात छळाने मेली. त्या घोषणापत्रावर सह्या करणाऱ्या ३३ जणांत दोन बौद्ध भिक्खूही होते. त्यांपैकी हान योंग-उन हे कवी. त्यांनीही इथे कारावास भोगला. हे वाचताना मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले.

फाशीघर मागच्या कोपऱ्यात आहे. लहानशी लाकडी इमारत. तिथे भाचीने जे सांगितले ते मला नवे होते. जपानी गेले, पण तुरुंग बंद झाला नाही. ९ एप्रिल १९७५ रोजी आठ कोरियन माणसांना कोरियाच्याच हुकूमशाही सरकारने इथे फाशी दिली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आदल्या दिवशी लागला होता. २००७ साली न्यायालयाने त्या आठही जणांना निर्दोष ठरवले. बत्तीस वर्षांनी!

परतताना भाचीने दुसऱ्या एका मालिकेची गोष्ट सांगितली. 'किंगडम', २०१९ ची. काळ जुन्या राजांचा. मेलेली माणसे उठून जिवंतांना खातात अशी कथा. पुढे उलगडते ते असे, की जपानी फौजेला थोपवण्यासाठी कोरियाच्याच दरबारी मंडळींनी एका गावातल्या रोगी, गरीब माणसांना मारून त्यांची पिशाच्चे केली होती. १५९२ साली जपानी स्वारी झाली हा इतिहास, बाकी कल्पना. पण आपल्या माणसांनी आपल्यातल्याच दुबळ्यांचा बळी दिला, हे बोलण्याची हिंमत त्या कल्पनेत आहे.

काही जण म्हणतील, एवढ्या मोठ्या दुःखावर भुताचा खेळ कशाला? मलाही आधी तसेच वाटले. शिवाय एक धोका आहेच. राक्षस म्हटले की माणूस सुटतो. राक्षसाला घर नसते, पदवी नसते, सही नसते. इशिईला या तिन्ही गोष्टी होत्या. २०१८ साली जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ७३१ व्या पथकातल्या ३,६०७ जणांची यादी खुली केली. त्यात नावे आहेत, हुद्दे आहेत.

पण 'ग्योंगसोंग क्रीचर' पाहताना शेवटी कीव येते ती त्या प्राण्याची, आणि चीड येते ती पांढरा डगला घालून शांतपणे वहीत नोंदी करणाऱ्याची. एवढे ज्याला कळले त्याची ती रात्र वाया गेली नाही. माझ्या भाचीला ते कळले होते, म्हणून तर दुसऱ्या दिवशी तिने मला सोदेमुनला नेले.

आपल्या घरीही मुले या कोरियन मालिका बघतात. बघू द्या. फक्त त्यांच्या शेजारी बसा आणि मालिका संपल्यावर विचारा, यातले खरे कोणते? उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शोधा. मलाही त्या रात्री सगळी उत्तरे कुठे येत होती?